सोळा भोकांचा अभ्यास

ड्रिल मशीन घ्यायचं श्रीनिवासरावांनी ठरवलं, त्याला आता साडेचार महिने झाले होते. घ्यायचं नक्की होतं. वायरवालं घ्यायचं की बॅटरीवालं, एवढंच ठरायचं होतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. वाचल्याशिवाय त्यांनी साधी छत्रीही कधी घेतली नव्हती. मशीनसाठी त्यांनी दोनशे पानी वही घातली. मधोमध रेघ मारली, डावीकडे वायर, उजवीकडे बॅटरी. वायरवाल्याला दम असतो, पण ते प्लगपासून लांब जात नाही. बॅटरीवालं कुठंही नेता येतं, पण ऐन वेळी मान टाकतं. वायरवालं स्वस्त, पण जड. बॅटरीवालं हलकं, पण चार वर्षांनी बॅटरी बदलायची, आणि तोवर ती बॅटरी बाजारात मिळेल का? या प्रश्नापुढे त्यांनी तीन प्रश्नचिन्हं काढली होती. एकशे चाळीस पानं भरली, पण कुठलीच बाजू खाली जाईना.

तोवर चार फळ्या आणि आठ लोखंडी अँगल खोलीच्या कोपऱ्यात उभे होते. पुस्तकांची सतरा खोकी खोलीतल्या पलंगावर होती.

रविवारी त्यांच्या बायकोने, सत्यशीलाबाईंनी, चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, "शुक्रवारी सकाळी ताई येतेय. लोणी काळभोरहून. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, महिनाभर राहील. त्या पलंगावर ती झोपणार."

"हो, हो. झोपू दे की."

"खोक्यांवर?"

श्रीनिवासराव दारातूनच खोकी मोजू लागले.

"गुरुवारी संध्याकाळपर्यंत पुस्तकं भिंतीवर चढली तर ठीक. नाहीतर रद्दीवाल्याला मी शुक्रवारी सकाळी सातला बोलावलंय. त्याला विचारलं मी. तो वजनाला काटा वापरतो, वही नाही."

सत्यशीलाबाई गंमत कधी करतात आणि खरं कधी बोलतात, याबद्दल एकेचाळीस वर्षांत श्रीनिवासरावांना एवढंच कळलं होतं की आवाज दोन्ही वेळी सारखाच असतो. त्यांनी धोका पत्करला नाही. बुधवारी वही काखेला मारून ते रविवार पेठेतल्या हत्यारांच्या दुकानात गेले.

दुकानदार पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

"ड्रिल मशीन हवं होतं," श्रीनिवासराव म्हणाले. "म्हणजे, वायरवालं बरं की बॅटरीवालं, तेवढं सांगितलंत तर..."

"भिंत कसली आहे?"

"पांढरी."

दुकानदाराने आता मात्र मान वर केली. "रंग नाही विचारला. आत काय आहे? वीट की काँक्रीट?"

"ते कसं ओळखायचं?"

"भोक पाडून."

"पण भोक पाडायला मशीन लागेल ना?"

"मग घ्या मशीन."

"कुठलं?"

"भिंत कसली आहे?"

श्रीनिवासरावांनी वही उघडली, एकशे एक्केचाळिसाव्या पानावर 'भिंत?' असं लिहिलं आणि पुन्हा काही विचारायला तोंड उघडलं. तोवर दुकानदार त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "बोला, तुम्हाला काय हवंय?" मागच्या माणसाला हातोडी हवी होती. त्याला अर्ध्या मिनिटात मिळाली.

ते रिकाम्या हाताने आंबेगावला परत आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून हिंदुराव बसले होते. ही सोसायटी उभी राहायच्या आधी तिथे हिंदुरावांचं वांग्याचं शेत होतं. बदल्यात बिल्डरने पहिल्या मजल्यावर दोन फ्लॅट दिले होते, पण इमारतीत कुठेही खिळा ठोकायचा तर आपल्याला विचारावं, असं त्यांना अजून वाटायचं.

"काय सर, तोंड का उतरलंय?"

श्रीनिवासरावांनी भीत भीत विचारलं.

"वायरीचंच!" हिंदुराव खुर्चीतून उठलेच. "आवो, माझ्याकडं हाय की. सोळा वर्सं झाली. एकदा बटन दाबलं की भिंत स्वतःहून बाजूला व्हती. बॅटरीचं खेळणं असतंय, पोरांचं. उद्या अकराला येतो, दाखवतो तुमाला."

नको म्हणणं श्रीनिवासरावांना कधीच जमलं नव्हतं. ते लिफ्टमध्ये शिरले. तिथे समोरच्या फ्लॅटमधली पूर्णिमा होती. मूळची अमरावतीची, इथे आयटीत. बोलणं तिने सगळं ऐकलं होतं.

"काका, सिरीयसली? वायर? तुम्ही लँडलाइन परत घेणार आहात का?"

"नाही, म्हणजे, हिंदुराव म्हणत होते..."

"हिंदुराव काका तर म्हणतीलच. त्यांचं मशीन सुरू झालं की माझ्या मीटिंगमध्ये लोक विचारतात, तुझ्याकडे ट्रॅक्टर आहे का. माझं बघा एकदा. उद्या येते अकराला."

"उद्या... अकराला..."

"डन!" आणि लिफ्टचं दार उघडलं.

रात्रभर त्यांना एकच चिंता. यातल्या एकाला यायचं रद्द करा म्हणून कसं सांगायचं? सकाळी साडेदहापर्यंत त्यांनी निरोपाचे तीन मसुदे केले. तिन्ही फाडले. अकराला दोघंही दारात उभे होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून श्रीनिवासरावांकडे पाहिलं.

"मी म्हटलं," श्रीनिवासराव घसा साफ करत म्हणाले, "तुलना... शेजारी शेजारी झालेली बरी."

हिंदुरावांनी एक्स्टेंशन बोर्डचं भलंमोठं वेटोळं सोडलं, प्लग लावला, मशीन उचललं, पाय फाकवून उभे राहिले आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"काका," पूर्णिमा गोड आवाजात म्हणाली, "आज गुरुवार."

गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवे जातात हे अख्ख्या पुण्याला पाठ असतं. हिंदुराव तर शेतीपंपाच्या काळापासून गुरुवारला शिव्या देत आले होते. पण आज ते मशीनचा मान राखण्याच्या नादात वार विसरले होते.

"येतील की साडेबाराला," ते म्हणाले आणि पलंगाच्या कडेला, दोन खोक्यांच्या मधल्या जागेत, मशीन मांडीवर घेऊन बसले.

"बोला काका, कुठे पाडू भोक?" पूर्णिमाने विचारलं. तिचं वायफायही बंद होतं, म्हणून वेळच वेळ होता.

भिंतीवर अँगलच्या जागी श्रीनिवासरावांनी साडेचार महिन्यांपूर्वीच पेन्सिलीने सोळा फुल्या मारून ठेवल्या होत्या. आठ डावीकडे, आठ उजवीकडे. त्यांनी सहज डावीकडची पहिली दाखवली. मशीन गुणगुणलं, लाल भुकटी पडली, सात सेकंदांत भोक तयार. विटेची भिंत निघाली.

"बघितलंत? आता घेताय ना?"

श्रीनिवासरावांनी भोकाकडे पाहिलं. मग खालच्या फुलीकडे पाहिलं. आयुष्यात कधी न आलेला एक विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आल्याबरोबर त्यांचे कान तापले.

"पूर्णिमा," ते वहीत डोकं घालून म्हणाले, "एका भोकावरून मत बनवणं... म्हणजे शास्त्रीय दृष्टीने... तसं बरोबर नाही."

"ओके, मग दुसरं?"

"ही खालची फुली घेऊ या. उंची बदलली की हातावर जोर वेगळा येतो ना."

दुसरं सहा सेकंदांत झालं. त्यांनी ते वहीत टिपलं. तिसरं घेतलं, कारण पहिल्या दोनांची सरासरी कमी विश्वासाची वाटत होती. चौथं घेतलं, कारण तिसऱ्याला हात थकला असण्याची शक्यता होती. पाचव्याला सत्यशीलाबाई कोकम सरबत घेऊन आल्या. भिंतीवरची पाच भोकं बघितली, फुल्या बघितल्या, नवऱ्याच्या हातातलं घड्याळ बघितलं. ट्रे खाली ठेवून त्या घाईने स्वयंपाकघरात गेल्या. तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

"खेळन्याला वीट लागली नशिबानं," हिंदुराव सरबत पीत म्हणाले. "कुल्फीत काडी जावी तसं. ह्यात कसली परीक्षा?"

"काका, तुमचं एक तरी झालं का?"

"लाइट येऊ दे."

प्रत्येकाची वहीत नोंद होता होता साडेबारा वाजत आले आणि आठवं भोक झालं. डाव्या फुल्या संपल्या. पूर्णिमा उजवीकडच्या पहिल्या फुलीला लागली, आणि मशीनचा आवाजच बदलला. टोकाचं बिट जागच्या जागी गरगरत राहिलं, पांढरट धूळ उडाली, भोक नखाएवढंसुद्धा खोल जाईना. उजवीकडच्या सगळ्या फुल्या नेमक्या इमारतीच्या काँक्रीटच्या खांबावर आल्या होत्या. भिंत वीटही होती आणि काँक्रीटही. दुकानदाराला हे उत्तर चाललं असतं का, असं श्रीनिवासरावांच्या मनात येऊन गेलं. मशीनवरचा लाल दिवा लुकलुकला आणि पूर्णिमाच्या बॅटरीने मान टाकली.

त्याच मिनिटाला पंखा फिरायला लागला.

हिंदुराव उठले. सोळा वर्षांच्या त्या मशीनने असा काही आवाज काढला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पण बिट आत गेलं. काँक्रीट होतं, तरी गेलं.

"लिवा, सर! किती शेकंद?"

"एकोणीस. पण हिंदुराव, तिच्या आठ भोकांसमोर तुमचं एकच... तुमच्यावर अन्याय होईल."

"आन्याय? माझ्यावर?" हिंदुरावांनी पुढच्या फुलीवर बिट टेकवलं. "माझ्याच जमिनीत?"

पाऊण तासात उजवीकडची आठही भोकं झाली. मधल्या वेळात पूर्णिमाने आपली बॅटरी हिंदुरावांच्याच बोर्डवर चार्जिंगला लावली. "घ्या, आमचीच लाइट घ्या," ते म्हणाले, "बोर्डाला वायर हाय, चालंल ना?"

सव्वा झाला होता. दोघं घाम पुसत श्रीनिवासरावांसमोर उभे राहिले.

"बोला सर. कुठलं घेताय?"

"हो काका. आता फायनल सांगा."

श्रीनिवासराव भिंतीकडे बघत राहिले. सोळा भोकं, सरळ ओळीत. आणखी काही दिवस अभ्यास लागेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण खोटं बोलताना त्यांच्या हनुवटीला कंप सुटायचा आणि तो आत्ताच सुटला होता.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "आता मशीन घ्यायची गरजच उरली नाही."

हिंदुरावांनी भिंतीवरची भोकं एकदा बोटाने मोजली.

"म्हंजे," हिंदुराव सावकाश म्हणाले, "आमी गवंडीकामाला आलो व्हय?"

"काका! तुम्ही आम्हाला चक्क फ्रीमध्ये कामाला लावलंत?"

"पहिल्या भोकाच्या वेळी मनात नव्हतं," श्रीनिवासराव म्हणाले. "दुसऱ्याच्या वेळी आलं."

हिंदुरावांनी वायरचं वेटोळं करायला घेतलं. पूर्णिमाने बॅटरी काढली. दोघं प्रथमच एका बाजूला होते, आणि ती बाजू दाराची होती.

आता भोकं होती, पण अँगल बसले नव्हते. दोन वाजले की सोसायटीत पाच वाजेपर्यंत ठोकाठोक बंद, आणि पाचनंतर सत्यशीलाबाईंची मुदत संपायला फार तर दोन तास. श्रीनिवासरावांनी ड्रॉवरमधून जुना स्क्रू ड्रायव्हर काढला. एका भोकात प्लॅस्टिकचा प्लग बसवला, अँगल धरला, स्क्रू लावला आणि फिरवू लागले. स्क्रू आत जायच्याऐवजी बाहेर आला, खाली पडला आणि पलंगाखाली गेला. ते गुडघ्यांवर बसले, वाकले, पलंगाखालून "सापडला" म्हणाले, वर येताना डोकं आपटलं. पुन्हा लावला. पुन्हा तसाच फिरवला.

चपला घालणारे हिंदुराव उंबऱ्यावर थांबले. त्यांनी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. दोनदा केला.

"आवो सर, उलटं फिरवताय!"

"असं का?" श्रीनिवासरावांनी स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"हात न्हाई बदलायचा! बाजू बदला, बाजू!" हिंदुराव चपलांसकट आत आले. "सरका. हे काय बघवंना. पोरी, तुझी बॅटरी भरली का?"

"अर्धी."

"अर्धी बास. स्क्रूला तुझंच मशीन पायजे, माझं एवढं जोरात फिरंल की स्क्रूचं डोकंच उडंल. ये हिकडं. मी अँगल धरतो."

"मान्य केलंत ना काका? माझं बेटर?"

"स्क्रूला म्हनलं. काँक्रीटला न्हाई."

दोनला पाच कमी असताना चौथी फळी बसली. हिंदुरावांनी तिच्यावर हात दाबून पाहिला, सत्यशीलाबाईंनी ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि चौघांनी मिळून खोकी रिकामी करायला घेतली. पुस्तकं भराभर वर चढली, उंच बुटकी, आडवी उभी, कशीही. लावण्याच्या पद्धतीबद्दल श्रीनिवासरावांना खूप काही सांगायचं होतं. त्यांनी ते गिळलं. पलंग दिसायला लागला होता.

सत्यशीलाबाई त्यांच्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, स्क्रू कुठल्या बाजूला फिरवतात, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"वाचलं होतं," श्रीनिवासराव तितक्याच हळू म्हणाले. "सत्तरावं पान." आणि एक पुस्तक उलटं लागलंय असं वाटून ते घाईने तिकडे गेले.

पाहुणे निघाले. हिंदुराव दारापर्यंत गेले आणि मागे वळून पुस्तकांसमोर उभे राहिले. बोटाने एकेक पाठ चाचपत त्यांनी पिकांवरच्या रोगांचा एक जाडजूड ग्रंथ बाहेर काढला.

"हे माझं भाडं," ते म्हणाले.

त्या ग्रंथाचा तो पाच खंडांपैकी दुसरा खंड होता. दिलेलं पुस्तक परत येत नाही या भीतीने श्रीनिवासरावांनी आयुष्यात घरातलं एकही पुस्तक कुणाला दिलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला.

"मग मी पण," पूर्णिमा म्हणाली. तिने चौथा खंड उचलला. तिच्याकडे झाड असं एकच होतं, बाल्कनीतलं मनी प्लँट, पण तिला वरच्या चित्रातली अळी आवडली होती.

"तो संच आहे हो," श्रीनिवासराव कसेबसे म्हणाले. "एकेक खंड नेलात तर... म्हणजे, निदान तारीख तरी लिहून..."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सत्यशीलाबाई स्वयंपाकघरातून आल्या. वरच्या फळीवरून त्यांनी उरलेले तीनही खंड काढले, हिंदुरावांच्या हातावर ठेवले आणि खुंटीकडे हात नेत विचारलं, "पिशवी देऊ का?"