त्रेसष्टावं नाव

"मेलेल्या मान्साला एवढं चालवतात व्हय रं?" चावडीच्या पायरीवर टेकता टेकता रंगू आजी पुटपुटली. "दोन कोस! आनि वर बसाया घोंगडीबी न्हाय. जित्ती असते त कुनी चा तरी इचारला असता."

मागे उभ्या असलेल्या केसरला हसू आलं. ते तिने पदरात दाबलं. "आजी, हलू बोल. सायब आयकंल."

"आयकू दे की. मी मेलेली हाय. मेलेल्याला कुनाचं भ्याव?"

चावडीसमोरच्या चिंचेखाली खारवाडीची सगळी माणसं येऊन बसली होती. सगळी म्हणायचीही तशी सोय नव्हती, कारण सरकारी कागदाप्रमाणे खारवाडीत कोणी राहतच नव्हतं. वाडीचे त्रेसष्ट मतदार त्या साली, म्हणजे छप्पन साली, यादीतून एकदम खोडले गेले होते. बहुतेकांपुढे 'गाव सोडून गेले' असं लिहिलं होतं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे 'मयत'. तेवढ्यावर निवाडा झाला होता.

यादी तपासायला तलाठी आला तो माघात. माघात खारवाडीत कुत्रंसुद्धा सापडत नाही. भात झोडून झालं, की कार्तिक सरता सरता वाडी पोराबाळांसकट धरमतरच्या खाडीपलीकडे मिठागरांवर जाते, ती पावसाच्या तोंडाशी परत येते. जाताना दारावर करवंदीची काटेरी फांदी आडवी बांधायची, एवढंच काय ते कुलूप. ती फांदी पाहून शेजारच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल, की माणसं मिठावर गेलीत. तलाठ्यालाही ते ठाऊक होतं. तो काही विलायतेहून आला नव्हता. पण मिठागरांच्या शेटचा भाऊ येत्या निवडणुकीला उभा राहणार होता, आणि शेटची टोपली डोक्यावर वाहणारी खारवाडी त्याच्या भावाला मत देणार नाही, हे भरती येते इतकं उघड होतं. तलाठ्याने काटे पाहिले आणि माणसं खोडली. खाली साक्षीला भागोजी कोतवालाचा अंगठा.

रंगू आजी तेवढी त्या माघात घरात होती, तापाने फणफणलेली. भागोजीने दारातून हाक मारली. तिने ओ दिली नाही. ती मयत झाली.

श्रावणात चावडीवर यादी लागली, ती शाळेच्या दत्तात्रेय मास्तरांनी वाचली. त्यांनी मामलेदाराला दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही. मग मास्तर उठले ते एकदम दिल्लीला, निवडणूक आयोगालाच लिहायला बसले. "मास्तर, दिल्लीला खारवाडी म्हंजी खायाची का लावायची त म्हाईत हाय का?" असं लोक हसले, पण अंगठे द्यायला रांगेनं आले. मास्तर एकेक नाव विचारत होते आणि लिहीत होते. मनुबाई पहिल्यापासून पुढ्यात बसून होती. शेवटी तिने विचारलं, "आनि माज्या दादूचं लिवलंस?"

मास्तरांची लेखणी थांबली. वाडीने माना खाली घातल्या.

"लिव की. मुंबईला हाय तो. त्याचा अंगठा मी देते."

मास्तरांनी लिहिलं. ते त्रेसष्टावं नाव.

दादू मनुबाईचा एकुलता मुलगा, केसरचा नवरा. मुंबईला गोदीत हमाली करायचा. सत्तेचाळीस साली आखाडातल्या अवसेला मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडाली, तेव्हा या किनाऱ्यावर रडणं झालं नाही असं घर शोधावं लागत होतं. दादू त्याच अवसेला घरी येतो म्हणाला होता. पण मनुबाईने पहिल्या दिवसापासून एकच धरलं, "त्याची बोट चुकली असंल. त्याला कदी येलंवर कुटं जायाला जमलंय?" हे मात्र खरं होतं. दादू स्वतःच्या लग्नाच्या मांडवातही उशिरा आला होता.

भागोजी म्हणजे मनुबाईचा भाचा, दादूचा मामेभाऊ. तो रेवसच्या किनाऱ्यावर मुडदे बघायला गेला आणि तिसऱ्या दिवशी परतला. मनुबाईने त्याला पायरीही चढू दिली नाही. "न्हाय ना रं?" म्हणाली. विचारलं असं, की दुसरं उत्तर द्यायला जागाच नव्हती. "न्हाय," भागोजी म्हणाला. पण जाताना त्याला मिशी होती आणि येताना नव्हती. कोणी विचारलं, तर "पैजेत जेली" म्हणायचा. मुडदे उलथेपालथे करायला गेलेला माणूस पैजा लावत नाही. वाडीने ओळखलं. केसरने तर त्याच घटकेला ओळखलं, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला असताना. बावीस वर्षांची होती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाईने कुंकवाचा करंडा स्वतः तिच्यापुढे धरला. आजच्या दिवसापुरतं लावावं, असं म्हणून केसरने लावलं. त्या एका दिवसाला आता नऊ वर्षं झाली होती.

ही नऊ वर्षं खारवाडीने दादूला मुंबईत सांभाळला. कोणी त्याला गोदीतच ठेवला, कोणी गिरणीत लावला, एका पावसाळ्यात त्याला मुदतीचा ताप आणला, एकदा संपात अडकवला. मुंबईहून कोणी आलं, की मनुबाई वाटेवर जाऊन उभी राहायची आणि येणारा काहीतरी सांगायचा. पहिल्या निवडणुकीची यादी करणारा माणूस आला, तेव्हा 'घरात कोण?' म्हटल्यावर तिने आधी दादूचं नाव घातलं आणि मग केसरचं.

त्या निवडणुकीची केसरला वेगळीच आठवण होती. मिठागरावर मुकादम तिला 'दादूची बायको' म्हणायचा, घरी मनुबाई 'ए पोरी'. मतदानाच्या शाळेत टेबलामागचा माणूस ओरडला, "केसर!" आणि ही मागे वळून बघू लागली, की कोण केसर? मग कळलं. बोटावरची ती शाई तिने दोन दिवस खाऱ्या पाण्यात हात न घालता जपली आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. तिचं नाव लिहिलेला जगात तो एकच कागद होता. श्रावणात मास्तरांनी त्या नावावर मारलेली रेघ बोटाने दाखवली, तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. रेघ ओळखता आली.

दिल्लीने मुंबईला लिहिलं, मुंबईने 'चौकशी चालू आहे' असं उत्तर धाडलं, आणि मग दिल्लीने आपलाच माणूस पाठवला. चौकशी पुरे, नावं बघ, खरी असतील तर तिथल्या तिथे परत घाल, असा हुकूम देऊन. तो आज चावडीत बसला होता. यादी उद्या छापायला जायची होती आणि आठवड्यात वाडी मिठावर.

साहेब इंदूरकडचा, मराठी बोलणारा. लोकांना त्याचंच नवल वाटत होतं.

"रंगू गोमा पाटील. यांच्यापुढे मयत लिहिलंय."

"लिवलंय त मग जालायला लाकडं द्या सरकारातून!" आजी उभी राहिली. "एवढ्या लांब चालवलंय, आता म्हागारी धाडू नगा."

लोक हसले. साहेब हसला नाही. तलाठ्याकडे बराच वेळ बघून त्याने नावापुढे 'कायम' लिहिलं. मग भागोजीला बोलावलं.

"हा अंगठा तुझा?"

"व्हय सायब."

"घरांना काटे लावलेले होते. म्हणजे माणसं गाव सोडून गेली होती?"

भागोजीने तलाठ्याकडे पाहिलं. तलाठी कागद सारखे करत होता. बापापासून चालत आलेली कोतवालकी होती. घरात पाच खाणारी तोंडं होती.

"न्हाय सायब," भागोजी म्हणाला. "काटं लावलं म्हंजी मान्सं म्हागारी येनार. सोडून जानारा कशाला काटं लावंल?"

"मग अंगठा का दिलास?"

"दिला तवा कागूद कोरा व्हता."

तलाठी हळूच म्हणाला, "भागोजी, उद्यापासनं चावडीवर येऊ नकोस." इतक्या हळू, की फक्त चिंचेपर्यंत ऐकू गेलं.

पण त्यानंतर कागद भराभर उलटू लागला. पुरुष येत होते, नाव सांगत होते. बायका यायच्या, आपलं नाव सांगायच्या आणि नवऱ्याच्या नावाशी थांबायच्या. मग शेजारीण मागून ते नाव पुरवायची. साहेबाला दोन-तीन बायकांनंतर ही रीत कळली आणि तो आपणच मागच्या बाईकडे बघू लागला. केसरचं नाव रंगू आजीने पुरं केलं. साहेबाने 'कायम' लिहिलं. दुपार कलेपर्यंत बासष्ट झाले.

"दादू पोशा कडू."

साहेबाने शेवटचं नाव वाचलं.

तलाठी उठला. सकाळपासून तो या नावाचीच वाट बघत होता. "साहेब, माझी हरकत आहे. हा इसम मयत आहे, नऊ वर्षं. त्याच्या नावाने अर्जावर अंगठा केलाय. म्हणजे दिल्लीला पाठवलेला अर्जच खोटा आहे."

"मृत्यूची नोंद?"

"नोंद नाही, पण सगळ्या गावाला ठाऊक आहे."

साहेबाने लेखणी खाली ठेवली. "हे बघा," तो लोकांना म्हणाला, "अर्ज एक आहे, त्याच्यावर हुकूमही एकच निघणार. यातला एक अंगठा खोटा ठरला, तर बाकीचे खरे कशावरून, असं मला वर विचारतील आणि सगळं अडकून बसेल. उद्या यादी जाते. माणूस हयात असेल तर कुठे आहे ते सांगा. नसेल, तर घरच्यांनी तसं म्हणा. ते एक नाव मागे घेता येतं, बाकीच्यांवर मी आत्ता सही करतो. तलाठ्याच्या तोंडचं मी धरणार नाही."

"हाय माजा दादू," मनुबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "मुंबईला हाय."

"मुंबईत कुठे, बाई?"

मनुबाईने वाडीकडे पाहिलं. नऊ वर्षं वाडीच सांगत आली होती.

"गोदीत," कोणीतरी म्हणालं. त्याच वेळी दुसरीकडून आलं, "गिरनीत."

तलाठी हसला.

मास्तर अर्धे उठले, धोतर सावरल्यासारखं करून परत बसले. बाकीची माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होती. प्रत्येकाला शब्द माहीत होता. तो सोपा होता, तलाठ्यानेच लिहून ठेवलेला होता. पण मनुबाई समोर बसली होती, आणि जो बोलेल त्याने तिच्यासमोर आज दादूला मारायचा होता. नऊ वर्षांची माया एका मतासाठी कोण खर्च करणार?

"सायब, मी काय म्हंतो," भागोजी पुढे झाला. मनुबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. सकाळी कोतवालकी घालवायला न घाबरलेला भागोजी तिथेच थांबला.

साहेबाने कागद गोळा करायला सुरुवात केली. वरचा कागद, त्याखालचा कागद. केसर बघत होती. सकाळी लिहिलेला एकेक 'कायम' दुसऱ्याखाली झाकला जात होता. त्यात तिचाही होता; कुठला ते तिला ओळखता येत नव्हतं.

ती उठली. मनुबाईने तिचा पदर धरला. "बस गो पोरी. सायबाला म्हायती न्हाय, म्हनून इचारतोय."

केसरने पदर सोडवला नाही. तो तसाच ताणला जाऊ देत ती दोन पावलं पुढे गेली.

"आपण?" साहेबाने विचारलं.

"केसर."

"या इसमाच्या कोण?"

"ती त्याची," रंगू आजी मागून रीतीप्रमाणे पुरं करायला लागली. केसरने हात मागे करून तिला थांबवलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. जात्यावर नाही, पाणवठ्यावर नाही, एकटी असतानाही नाही, ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"दादू पोशा कडू," ती म्हणाली. "माजा नवरा."

"केसरे!" मनुबाई ओरडली.

"बोटीत जेला सायब. नव वर्सं झाली. रेवसला अग्नी दिला त्याला, या भावजींनी. आयेला कुनी सांगितलं न्हाय, आनि मीबी न्हाय." साहेबाची लेखणी कागदावर टेकली होती. "त्याचं नाव काटा. माजं ऱ्हाऊ द्या."