कापलेलं इंजिन

कॉलेजात ऑटोमोबाईलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांचं प्रदर्शन होतं आणि नवनीतची माय, शोभाबाई, पिशवीत नारळ घेऊन सारंगखेड्याहून एसटीने निघाली होती. नवनीत सकाळपासून तिसऱ्यांदा टेबल पुसत होता.

वडील रतिलाल गेल्यापासून त्यांची जीप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. केळीचे घड, घोडेबाजाराचा चारा, बाळंतपणाला निघालेल्या बाया, सगळं गावाने त्या जीपमधून नेलं होतं. शोभाबाईंना तिचा आवाज तापीच्या पुलावरूनच ओळखू यायचा. प्रोजेक्टसाठी इंजिन मागितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "लई जा. आठे गंजी ऱ्हायनं. कालेजमा चालू तरी ऱ्हाई."

इथे गंजण्यापेक्षा कॉलेजात चालू राहील, हा त्यांचा हिशेब; इंजिन कापायचं आहे, हे नवनीतने तिथेच सांगून टाकायला हवं होतं. सर आधीच म्हणाले होते, "चालतं इंजिन काय शिकवणार? आतलं दिसलं पाहिजे." मग नवनीतने आणि प्रोजेक्टमधला त्याचा जोडीदार वाहिदने ग्राइंडर लावून त्याची एक बाजू कापून उघडी केली. सगळं घासलं, धुतलं, कापलेल्या कडांना लाल रंग दिला. घरी फोनवर तो एवढंच म्हणायचा, "काम चालू शे, माय."

"नव्या, तोंडवरनं ऑइल धुई ले," वाहिद म्हणाला. "मावशी तुलेच इंजिन समजी नारळ फोडी."

शोभाबाई आल्या त्या सरळ टेबलापाशी. दसऱ्याला जीपची पूजा झाली की रतिलाल नारळ फोडून लगेच सेल्फ मारायचे. पूजेनंतर इंजिन बोललंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

"ले, नारळ तू फोड. मंग चालू कर. मी फक्त ऐकसू."

"माय, हाई चालू व्हवाव नही."

"का? डिझेल नही का?"

त्याने हँडल फिरवलं. उघड्या बाजूतून पिस्टन वर गेला, खाली आला. आवाज शिवणयंत्राएवढाही नाही. शोभाबाईंनी लाल कडेवरून बोट फिरवलं.

"कोणी कापं हाई?"

तेवढ्यात परीक्षक आले. नवनीत बोलू लागला. चार स्ट्रोक, झडपा, इंधनाचा पंप, सगळं सफाईने. पोराला इतकं शुद्ध बोलताना मायने कधी ऐकलं नव्हतं. ती पदर सावरून ऐकत राहिली.

"छान. इंजिन कुठून मिळवलं?" परीक्षकांनी विचारलं.

वडिलांचं, असं म्हटलं असतं तर तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं असतं.

"भंगारातून, सर."

परीक्षक मान डोलावून पुढच्या टेबलाकडे गेले. वाहिद खाली बघत होता. नवनीत वळला तेव्हा शोभाबाई नारळ पिशवीत परत ठेवत होत्या.

"माय..."

"तुन्हं काम कर, भाऊ. मन्ही यष्टी चुकी."

एसटीला अजून बराच वेळ होता.