अहो भावोजी, हात मागे घ्या

मी बोलतोय, कापसाचा माणूस. पोलीस प्रशिक्षण केंद्रातल्या मोठ्या खोलीत, खिडकीखालच्या सतरंजीवर मी पडून असतो. दुपारी पोटावर ऊन येतं, आतला कापूस उबदार होतो आणि मला जागेपणीच स्वप्नं पडायला लागतात.

माझा जन्म गादीवाल्याच्या दुकानातला. तो कापूस ठासत होता, त्याची बायको शिवत होती. "पोट कमी भरा हो," ती म्हणाली. "पोलिसांना पळणारा चोर लागतो. तुमच्यासारखा केलात तर पहिल्याच दिवशी सापडेल." तो हसला नाही. पण पोटातला मूठभर कापूस काढून त्यानं माझ्या छातीत कोंबला. म्हणूनच की काय, माझी छाती जरा लवकर भरून येते.

भरती झालेली मुलंमुली माणसाला ताब्यात कसं घ्यायचं ते माझ्यावर शिकतात. पहिल्या दिवशी एक जण माझ्यावर ओरडला, "ए, हात मागे!"

"ए नाही, अहो," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "आधी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचं. मग हात लावायचा."

"अहो म्हटलं की लग्न झाल्यासारखं वाटतं, मॅडम," मागून एक मुलगी पुटपुटली.

"मग नवरा नको, भावोजी समज. भावोजींवर खेकसतेस का?"

तेव्हापासून मी भावोजी. "अहो भावोजी, हात मागे घ्या," असं कानावर आलं की सासुरवाडीला आल्यासारखं वाटतं. पाहुणचार तेवढा बेड्यांचा.

मॅडम मला रोज नवा माणूस करतात. कधी झिंगलेला, कधी घराचा रस्ता विसरलेला म्हातारा. त्यांनी नुसतं सांगावं, आणि माझ्या कापसात तो माणूस हळूहळू जागा होतो.

परीक्षेच्या दिवशी मी कुणाचा तरी मोठा भाऊ होतो. चोरासारखाच शर्ट घातला म्हणून धरलेला, घरी गॅसवर दूध ठेवून आलेला. समोर होता पैलवान; सगळे त्याला हेच म्हणायचे. धावण्यात पहिला, उडीत पहिला. निरोपाच्या संचलनात झेंडा त्याच्याच हाती जायचा होता. त्यानं 'अहो' म्हटलं, मला पालथं घातलं, बेड्या अडकवल्या. सगळं बिनचूक. फक्त त्याचा गुडघा माझ्या पाठीवरून निघेना.

"बेड्या पडल्या. ऊठ आता," मॅडम म्हणाल्या.

"हा हलतोय, मॅडम!"

हशा पिकला. त्यानं आणखी भार टाकला आणि माझ्या पाठीची शिवण टरटर उसवली. माझ्या स्वप्नातलं दूध उतू गेलं.

मॅडमनी त्याला नापास केलं. केंद्राचे साहेब तणतणत आले. "एका गादीपायी एवढा चांगला मुलगा घालवणार? रस्त्यावर गेला की शिकेल."

"रस्त्यावर कुणावर शिकेल, साहेब?"

पैलवानच उसळून म्हणाला, "गुडघ्यानं काय होतंय एवढं? ठेवा माझ्यावर!" आणि तो माझ्या शेजारी पालथा पडला.

मॅडमनी त्याला बेड्या घातल्या, गुडघा टेकवला. आधी तो माझ्याकडे बघून हसत होता. मग त्याच्या नाकपुड्या फुलल्या, खांदे वळवळायला लागले.

"पैलवान हलतोय," कुणीतरी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही. मॅडम झटकन उठल्या.

"हलत नव्हतो," तो धापा टाकत म्हणाला. "श्वास घ्यायला बघत होतो."

"भावोजी तरी दुसरं काय करत होते?"

निकाल बदलला नाही. पैलवानाला पुढच्या तुकडीबरोबर सगळं पुन्हा शिकायचंय. साहेब अजून मॅडमशी कामापुरतंच बोलतात.

आत्ता बाहेर मैदानात संचलन चाललंय. बँडचे सूर खिडकीतून तरंगत येतायत, झेंडा एका मुलीच्या हातात आहे. आणि पैलवान इथे सतरंजीवर मांडी घालून माझी पाठ शिवतोय. बोटं जाड, सुई बारीक. टाके असे वाकडे की गादीवाल्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला असता. मघाशी सुई खोल गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "दुखलं का हो?" मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघितलं.

पोरांनो, उद्या तुम्ही गणवेश घालून बाहेर जाल. त्याआधी चुकायचं तेवढं माझ्यावर चुकून घ्या. मी उसवलो, तर मला पुन्हा भरता येतं.