सात नंबर किती जातो

हौशी गोल्फवाल्याला वय विचारावं, पगार विचारावा, फार तर बायकोशी झालेलं भांडण विचारावं. खरं उत्तर मिळायची थोडीफार आशा असते. पण कोणती स्टिक किती लांब जाते हे मात्र चुकूनही विचारू नये. जन्मात एकदा, वारा पाठीशी असताना, चेंडू कडक जमिनीवर आपटून उड्या मारत जिथं जाऊन थांबला, तोच त्याचा कायमचा आकडा होऊन बसतो. फरशीवाल्यांचा सात नंबर, म्हणजे सात नंबरच्या स्टिकनं मारलेला चेंडू, एकशे चाळीस यार्ड जायचा. त्यांच्या व्याह्यांचा, म्हणजे डॉक्टरांचा, दीडशे. क्लबातल्या कँटीनवाल्यालाही हे दोन आकडे पाठ होते.

फरशीवाल्यांचा जन्म टाइल्सच्या दुकानात गेला. माल उतरवून घेताना ते प्रत्येक खोक्यातली एक फरशी बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. आवाज बद्द आला की खोकं परत. पुढं पुढं ही खोड माणसांपर्यंत गेली. दूधवाला, बँक, हवामान खातं, बायकोचा भाऊ, कुणीच त्यातून सुटला नाही. मुलीचं लग्न ठरवताना डॉक्टरांचं घरही त्यांनी चहूबाजूंनी असंच वाजवून पाहिलं. ते कुठंच पोकळ निघालं नाही याची त्यांना बरेच दिवस चुटपुट लागून राहिली होती.

आताची गोष्ट मात्र चेष्टेवारी नेण्याची नव्हती. फरशीवाल्यांचा उजवा डोळा लहानपणीच खेळताना गेलेला. सगळी भिस्त डाव्यावर, आणि त्या डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. येत्या गुरुवारी ऑपरेशन होतं, आणि करणार होते व्याही. डॉक्टर डोळ्यांचेच. हात चुकला तर दुसरा डोळा राखीव नव्हता.

जवळचं अजून बरं दिसायचं, पण लांबचं सगळं धुरात गेल्यासारखं. मारलेला चेंडू त्या धुरात शिरला की फरशीवाले विचारायचे, "कुठं गेला?" मग डॉक्टर कपाळाशी आडवा हात धरून सांगायचे, "सरळ गेला की. एकशे चाळीस झाले असतील. काय मारलात व्याही." फरशीवाले नको नको म्हणत खूश व्हायचे.

संशय सुरू झाला तो टॉवेलवरून. समोरच्यानं कोणती स्टिक काढली ते बघून आपली काढायची, ही या खेळातली जुनी रीत. म्हणून सगळे एकमेकांच्या बॅगेत डोकावतात, आणि डॉक्टर तर पूर्वी काढलेली स्टिक मुद्दाम दाखवून मारायचे. गेल्या काही रविवारांपासून मात्र त्यांच्या बॅगेवर हिरवा टॉवेल आला होता. आपलं ठेवावं झाकून, तसा प्रकार. विचारलं तर म्हणाले, "ऊन फार लागतं हो स्टिकांना." लोखंडाला ऊन लागतं हे फरशीवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

नजर गेली की कान तिखट होतात. सात नंबरचा आवाज कसा, वाळकी काटकी मोडल्यासारखा. डॉक्टर "सात" म्हणून मारत होते आणि आवाज येत होता बंद दारावर थाप पडल्यासारखा, जाड. तो आवाज मोठ्या डोक्याच्या स्टिकचा होता. ती याहून कितीतरी लांब मारायचं असेल तेव्हा काढतात.

एकदा "सात" म्हणून मारलेली स्टिक हातात तशीच घेऊन डॉक्टर आपला चेंडू शोधायला झुडपामागं गेले. फरशीवाल्यांनी इकडं तिकडं पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं, आणि टॉवेलखाली हात घातला. कोरलेले नंबर बोटांनी चाचपत गेले. सात नंबर जागच्या जागी होता. शिवाय सगळ्या मुठी नव्या रबरानं जाड करून घेतलेल्या. फरशीवाल्यांनी हात काढून घेतला आणि आकाशाकडं बघत शीळ घातली.

पाणी कुठंतरी मुरत होतं. पण कुठं? लबाडी करणारा माणूस जास्त लांब मारतो. लांबची स्टिक घेऊन पूर्वीइतकंच मारायचं आणि वर ती लपवायची, ही कुठली लबाडी? घरी बायको बरणीचं झाकण उघडेना म्हणून फडकं गुंडाळून जोर लावत होती, तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. जाड मूठ कुणाला लागते? ज्याच्या हातात जोर उरला नाही त्याला.

त्यांनी लगेच मुलीला फोन लावला.

"काय गं, तुझे सासरे बाटलीची झाकणं स्वतः उघडतात का?"

"बाबा, बरे आहात ना?"

"विचारलं तेवढं सांग."

"मी उघडून देते. त्यात काय? सून कशाला असते?" ती हसली. "काय चाललंय तुमचं?"

"समज, मी दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो तर?"

"गेलात तर ह्यांचे पप्पा काही म्हणणार नाहीत," ती म्हणाली. "इथं कुणीच काही म्हणणार नाही. पण मला या घरात राहायचंय, बाबा."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "झालं का सुरू? अहो, निदान आपल्या व्याह्यांना तरी सोडा. देवमाणूस आहे."

"म्हणूनच," फरशीवाले म्हणाले. त्या रात्री ते चांगले डोळ्याला पदर लावून रडले असते, पण त्यांना पदर नव्हता आणि रडायची सवयही नव्हती. भीती मात्र वाटत होती, आणि ती कुणाला सांगण्याची सोय नव्हती. आंधळं व्हायचं की मुलीचं घर नासवायचं, एवढाच प्रश्न होता.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी छोट्या होलवर दोघं उभे राहिले. इथून दीडशे यार्डांवर झेंडा. सकाळची वेळ, पुढंमागं कुणी नाही. डॉक्टर टॉवेलकडं वळले, तेवढ्यात फरशीवाल्यांनी आपला सात नंबर त्यांच्यापुढं धरला.

"आज माझ्यानं मारा. तुमचा दीडशेचा हात आमच्याही स्टिकला लागू दे."

"अहो, सवय नाही मला तुमच्या..."

"सात म्हणजे सात. त्यात तुमचं-आमचं काय?"

डॉक्टरांनी स्टिक घेतली. काटकी मोडल्याचा आवाज आला, पण ओल्या काटकीचा. चेंडू धुरात गेला.

"किती?" फरशीवाल्यांनी विचारलं.

"दीडशे. झेंड्यापाशीच आहे."

डॉक्टर झपाझप पुढं निघाले. फरशीवाले मुद्दाम पाय ओढत, गवत बुटानं चाचपत मागं राहिले. निम्म्याहून थोड्याच पुढं बुटाला काहीतरी लागलं. त्यांनी वाकून चेंडू उचलला आणि नाकाजवळ आणला. डॉक्टर आपल्या चेंडूवर लाल फुली काढायचे. फुली होती.

"डॉक्टर," त्यांनी हाक मारली. "तुमचा चेंडू इकडं राहिला."

डॉक्टर परत आले.

"हात गेला, हे मला कळलंय," फरशीवाले म्हणाले. "त्याचा राग नाही. सगळ्यांचंच काहीतरी जातं. पण मला दिसत नाही म्हणून तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही तोंडावर खोटं सांगितलंत. गुरुवारी मी तुमच्यापुढं आडवा होणार होतो."

डॉक्टर गवतावरच बसले. उजवा तळवा डाव्या हातानं चोळत राहिले.

"दोन बोटं बधिर होतात. मानेतून आहे," ते म्हणाले. "इतक्यात एकाही पेशंटला हात लावला नाही मी. सगळी ऑपरेशनं माझी सहकारी करते."

"मग माझं?"

"तुमचं मी करणार होतो. नाही म्हणालो असतो तर घरात कळलं असतं. मुलाला माहीत नाही. हिला माहीत नाही. वाटलं, एकच तर आहे, होईल."

फरशीवाल्यांनी जन्मभर हजारदा उगाच संशय घेतला, आणि एकदाच तो खरा निघाला. त्याचा आनंद मात्र कुठं सापडेना. एकच तर आहे. त्यांनाही एकच होता.

"तुम्ही माझा डोळा घालवला असता," ते म्हणाले. आवाज चढला नाही, उलट बसला. "घरच्यांची लाज वाटते म्हणून."

"हो."

"आणि इतके दिवस शेजारी उभं राहून गोड गोड बोलत होता."

"गोड बोललो ते खरं," डॉक्टर म्हणाले, "आणि आता निघालंच आहे तर सगळंच ऐका. तुमचा चेंडूही कधी एकशे चाळीस गेलेला नाही. मी पुढं जाऊन तो बुटानं सरकवत होतो."

फरशीवाल्यांना हे अगदी अनपेक्षित होतं. दूधवाल्याचं माप, बँकेचं व्याज, पाऊस पडणार की नाही, यातलं काही त्यांनी कधी तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं. हा एक आकडा मात्र दर रविवारी मुकाट्यानं घरी नेला होता आणि बायकोलाही ऐकवला होता. कानशिलं गरम झाली. डॉक्टरांपुढं पडलेला आपला सात नंबर उचलून ते तसेच उलट पावली टीवर, चेंडू मारायच्या जागी, गेले, खिशातला चेंडू ठेवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सात नंबर फिरवला. आवाज चांगला आला. अगदी मनासारखा.

"किती?" त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं.

डॉक्टर उठून चेंडूपर्यंत चालत गेले. फरशीवाल्यांना ते धुरातल्या खांबासारखे दिसत होते. खांब थांबला.

"पंच्याण्णव," डॉक्टर म्हणाले.

पंच्याण्णव तर बायकांच्या गटातही कुणी सांगत नाही. फरशीवाले सावकाश चालत तिथवर गेले.

"आणि ऑपरेशननंतर?" त्यांनी विचारलं. "चेंडू पडलेला दिसेल म्हणाला होतात."

डॉक्टरांनी मान खाली घातली नाही. "तुमच्या डोळ्याचा पडदाही थोडा खराब आहे. तेही बोललो नव्हतो. माणसं ओळखाल, रस्ता दिसेल, मोठी अक्षरं वाचाल. चेंडू पडलेला दिसेल असं वाटत नाही."

वाऱ्यानं झेंडा फडफडत होता. तो दिसत नव्हता, ऐकू येत होता. फरशीवाल्यांनी रुमाल काढून डावा डोळा पुसला. मग उगाच उजवाही पुसला.

"ती तुमची सहकारी. हात कसा आहे तिचा?"

"माझा चांगला होता तेव्हापेक्षा चांगला."

"तिनंच करावं. तुम्ही शेजारी बसायचं. मी जागा असेन ना?"

"असाल."

"मग काय चाललंय ते सांगत राहायचं. बिघडलं तरी सांगायचं." ते थोडं थांबले. "आणि आज घरी जाऊन मुलाला हाताचं सांगा. तुम्ही सांगितलंत तर माझ्या मुलीवर येणार नाही."

"सांगतो."

फरशीवाले बॅगेपाशी गेले, सात नंबर पुसून आत ठेवला, आणि पाठमोरेच म्हणाले, "गुरुवारी खाऊन यायचं की उपाशी?"