तळ्याकाठचं करडू

शहनवाजच्या मते एकट्यानं खेळणं हे खेळणंच नव्हे. 'धुकेगड' या मोबाइलवरच्या खेळात जगभरातली माणसं एकमेकांचे गड जिंकतायत आणि त्याची बायको मात्र तळ्याकाठी झोपडी बांधून औषधी पाला खुडत बसते, याची त्याला चारचौघांत लाज वाटायची. "मोबाइलवर बी चूल आन् परसच मांडलंस व्हय गं, फरहत?" असं तो म्हणायचा. म्हणू दे. तो दिवसभर हिंजवडीत कंपनीच्या बसगाड्या सोडायचं काम बघतो आणि मी जांबे गावातल्या आमच्या दोन खोल्यांत असते. एकटं कसं राहायचं हे मला त्याच्याकडून शिकायचं नव्हतं.

खरं कारण वेगळंच होतं. त्या खेळात एक करडू पाळता येतं. तुम्ही एकटे असलात की ते आपसूक येतं, मागे मागे चालतं, थांबलात की पायाशी बसतं. गटात शिरलात की ते झोपडीपाशीच राहतं, लढाईला येत नाही. माझ्या करडाचं नाव शबनूर. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझ्या पोटातलं जे लेकरू गेलं, त्याचं ते नाव. मुलगी होती असं मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. सासूबाई, रहिमतबी, पौडहून आल्या, मला शिरा भरवला आणि "इसर आता" म्हणून गेल्या. शहनवाज तर त्यावर एक शब्द बोलला नाही, तो गटाच्या स्पर्धांमध्ये जाऊन बसला. मला त्याचा फार राग आला होता, अजून आहे. नाव सांगायचं तरी कुणाला?

मग शहनवाजच्या गटातली वैद्य सोडून गेली. गटात शहनवाज म्होरक्या, त्याच्या ऑफिसातला लातूरचा निषाद आणि बावधनची अपेक्षा. वैद्याशिवाय स्पर्धेत घेत नाहीत म्हणून शहनवाज माझ्या मागे लागला. "येवढी येक स्पर्धा. मग जा तुज्या तळ्यावर, म्या न्हाई अडवायचो."

मी गेले. वैद्यानं मागे उभं राहायचं आणि बाकीच्यांचा किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या पट्ट्यांवर डोळा ठेवायचा. कुणाची पट्टी उतरली की काठी टेकवून भरायची. स्वतःच्या पट्टीकडे बघायला सवड मिळत नाही, पण ते काम माझ्या अंगवळणी पडलेलंच होतं. खोटं कशाला बोलू, "वहिनी, वाचवलंत!" असं कानात कुणी ओरडलं की बरं वाटायचं. तरी लढाई संपली की मी तडक गटातून बाहेर पडून तळ्यावर जायची. शबनूर उड्या मारत यायची. मी तिला दिवसभरातलं काहीबाही सांगायची.

या गटाची एक रीत होती. सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. लढाईआधी म्होरक्या प्रत्येकाच्या खात्यात शिरायचा, बिनकामाच्या वस्तू वितळवायचा आणि त्यांचं बळ हत्याराला द्यायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, कारण माझ्याकडे बिनकामाचं काही आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटची लढाई रविवारी दुपारी झाली. आम्ही दोघं एकाच पलंगावर, आपापले मोबाइल घेऊन, कानात हेडफोन घालून बसलो होतो. माझी काठी त्या दिवशी भलतीच तळपत होती. एकदा टेकवली की तिघांच्याही पट्ट्या काठोकाठ भरायच्या. आम्ही जिंकलो. निषाद ओरडत सुटला, अपेक्षा म्हणाली, "आज कासारसाईच्या धरणावर पार्टी! वहिनी, तुम्ही नसतात तर काही खरं नव्हतं."

त्यांचं चालू होतं तोवर मी गटातून बाहेर न पडताच तळ्यावर पोचले. झोपडीच्या दाराशी खुंटी होती आणि खुंटीला नुसतं दावं होतं.

"अवो, माजं करडू कुटं हाय?"

"ते व्हय?" शहनवाज अजून हसत होता. "काठीत घातलं. अगं, लई बळ निगालं त्यातनं. वाटलं, तुला बी आवडंल काठी."

"इचारलं का न्हाई मला?"

"त्यात काय इचारायचं? गेमनं इचारलं की, शबनूरला कायमचा निरोप द्यायचा का म्हनून. म्या हो दाबलं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "का गं? कोन शबनूर?"

"तुमची लेक," मी म्हटलं.

माझा माइक चालूच होता. पलीकडच्या दोघांनीही ते ऐकलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली. निषाद गटातून बाहेर पडला. थोड्या वेळानं अपेक्षा गटातून बाहेर पडली.

शहनवाज हातातल्या मोबाइलकडे बघत राहिला. "तू नाव ठिवलंवतंस?" त्यानं विचारलं. "मला का न्हाई सांगितलंस?"

मला खूप बोलायचं होतं, वर्षभराचं साठलेलं. पण तेवढ्यात तो उठला, मोबाइल गादीवर टाकून आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं गादीवरचा त्याचा मोबाइल आपसूक मिटला आणि माझ्या पडद्यावर आलं, शहनवाज गटातून बाहेर पडला.

आता गटात कुणीच नव्हतं, मी एकटी होते. मी तळ्याच्या कडेनं थोडी चालले, थांबले आणि सवयीनं मागे वळून बघितलं.