गुरुवारची दाढी

"एजे, आज शेवया घट्ट झाल्यात," बाबा म्हणाले आणि काचेच्या बरणीत चमचा फिरवत माझ्याकडे बघून हसले.

एजे म्हणजे थोरली बहीण; आमच्याकडे परक्या बाईलाही मानाने तसंच म्हणतात. बाहत्तर वर्षांचा बाप चव्वेचाळीस वर्षांच्या मुलीला एजे म्हणत होता, कारण शेजारच्या जिन्यातली बुरुल आमच्याच दिशेने येत होती. आसपास कुणी नसलं की मी सैकाल असायचे, कुणी आलं की एजे. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. बाबांनी पहिल्याच दिवशी सुरू केलं आणि मी चालू दिलं.

आमच्या पाच मजली इमारतीच्या मागे गरम पाण्याचे दोन जाडजूड पाइप जमिनीतून वर येतात आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा जमिनीत शिरतात. तिथे एक लोखंडी झाकण होतं. झाकणाखाली दोन माणसं पाय पोटाशी घेऊन झोपतील एवढी जागा. बिश्केकच्या हिवाळ्यात अशी जागा मिळणं हे नशीबच. बाबा आणि त्यांचा रशियन सोबती वित्या नोव्हेंबरपासून तिथे राहत होते.

बाबांनी एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवली. आई गेल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, एदिलच्या नावावर केलं. एदिलने ते विकलं, "वर्षभरात बोलावतो" असं सांगून रशियाला गेला. घर विकताना त्या पत्त्यावरच्या सगळ्यांची नावं नोंदणीतून काढावी लागतात. बाबांनी आपलं नाव स्वतःच्या हाताने काढून दिलं. मग कळलं की नोंदणीचा पत्ता नसेल तर दवाखाना नाही, पेन्शन नाही आणि बेघरांचा निवाराही नाही. निवाऱ्यात शिरायलासुद्धा कुठल्यातरी घराचा पत्ता लागतो.

माझा पत्ता होता. पण फ्लॅट सासूबाईंच्या नावावर. शिवाय आमच्यात मुलगा असलेला बाप जावयाच्या घरी राहायला येत नाही. आला तर लोक मुलाच्या नावाने थुंकतात आणि बापाची कीव करतात. हे कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की पाठ झालं होतं. मी ग्रंथालयात काम करते. माणसं स्वतःची समजूत कशी घालतात याबद्दल बरंच वाचलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही. बाबा एदिलकडे आहेत, असं मी घरी सांगितलं होतं. नवरा मिर्लान अंधारात कामाला जायचा, अंधारात परतायचा आणि इमारतीच्या मागे कधी फिरकत नसे.

"बरी भेटलीस," बुरुल म्हणाली. तिच्या हातात कागद होता. "तुझं मन मोठं आहे गं. दर गुरुवारी या लोकांना खायला आणतेस. पण अशाने हे जायचे नाहीत. एकदा का मांजराला दूध घातलं..."

"मांजर उंदीर तरी मारतं," बाबा म्हणाले. "आम्ही तेही करत नाही."

बुरुलला हसू आलं. तिने ते दाबलं. "जीभ बघ कशी चालते! अहो अक्साकाल, वडीलधारे माणूस तुम्ही, या वयात घरी नातवंडं खेळवायची. पोरंबाळं नाहीत का तुम्हाला?"

"आहेत ना. मुलगा रशियात आहे."

"आणि?"

"आणि एक मुलगी. चांगल्या घरी दिलीय." त्यांनी शेवयांचा घास घेतला. "सुखात आहे."

बुरुलने कागद माझ्यापुढे धरला. झाकण वेल्डिंग करून बंद करावं आणि भोवती कुंपण घालावं, असा अर्ज होता. आठव्या ओळीत सासूबाईंची सही होती.

"तुमच्या घरातली एक झालीय. पण नोकरदार माणसाची असली की जरा वजन पडतं."

चष्मा घरी राहिलाय, असं मी म्हणू शकले असते. उद्या करते, असंही.

"करून टाका, एजे," बाबा बरणीतून वर न बघता म्हणाले. "त्या तरी थंडीत किती वेळ उभ्या राहणार?"

मी सही केली.

बुरुल गेली. मग बाबांनी बरणी बर्फाने घासून माझ्या पिशवीत ठेवली.

"अक्षर अजून छान आहे तुझं," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी शेवया जरा पातळ कर, सैकाल."

शुक्रवारी वेल्डर आले. रविवारी सकाळी मी कचरा टाकायला उतरले, तर जिन्याच्या दारात वित्या उभा होता. टोपी हातात, कान लाल झालेले.

"म्हातारा गेला," तो म्हणाला.

मी कचऱ्याची बादली खाली ठेवली.

"काल निवाऱ्यात गेलो होतो दोघं. माझ्या पासपोर्टवर जुना पत्ता आहे, मला घेतलं. त्याला म्हणाले, पत्ता आणा. तो म्हणाला, आणतो. असं म्हणून निघाला. आज पहाटे बसथांब्यावर सापडला. बसलेलाच होता."

"कुठल्या थांब्यावर?"

वित्याने मान वळवून दाखवलं. आमच्याच कोपऱ्यावरचा थांबा. दारापासून दोनशे पावलंही नसतील.

"मी त्यांची मुलगी आहे, हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"छे! विचारलं तर शिव्या घालायचा. पण दर गुरुवारी दाढी करायचा. पाइपातून ठिबकणारं पाणी डब्यात धरून. फुकटच्या शेवयांसाठी कोणी दाढी करत नाही, बाई."

शवागारातल्या माणसाने दोनच गोष्टी विचारल्या: नातं काय, आणि कुठल्या पत्त्यावर नेणार? पत्ता नसेल तर पालिकाच पुरून टाकते, नावाऐवजी आकडा लावून. विचारून येते, असं सांगून मी घरी आले.

सासूबाई, आमच्या काल्बू आपा, कणीक मळत होत्या. गुडघ्यांमुळे चार हिवाळे त्या खाली उतरल्या नव्हत्या.

"आपा, पाइपांवरचा म्हातारा गेला."

"बुरुलचा फोन आला होता. सुटला बिचारा."

"ते माझे वडील होते."

त्यांचे हात कणकेत तसेच राहिले. त्यांनी बाबांना एकदाच पाहिलं होतं, आमच्या लग्नात.

"तू तर म्हणालीस ते एदिलकडे आहेत."

"खोटं सांगितलं."

"माझे व्याही," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माझे व्याही झोपत होते. आणि मी त्या कागदावर सही केली?"

"मीपण केली."

त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ बोटांची कणीक सोलत राहिल्या.

"मी विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"बहुतेक नाहीच म्हणाले असते," आपा म्हणाल्या. "मी काय संत आहे? पण मग ती लाज माझी असती. तू मला नाही म्हणायचीसुद्धा संधी दिली नाहीस." मग त्यांनी हात पुसले. "काठी दे माझी. मिर्लानला सांग, तंबू आणायला. अंगणाच्या मधोमध लाव म्हणावं. कोपऱ्यात नाही."

आमच्यात माणूस गेला की पांढऱ्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तंबू उभारतात आणि त्याला एक दिवस तरी त्यात ठेवतात, मग दफन. शहरात तो इमारतींच्या मधल्या अंगणात लागतो आणि शेजाऱ्यांना यावंच लागतं. तंबू कोणाचा हे अंगणभर कळलं. मग सगळे कामाला लागले. अर्जावर सह्या करणाऱ्यांनीच तंबूच्या काठ्या बांधल्या, छतावर नमदा चढवला. वित्या पाणी भरत होता आणि त्याला कोणी हटकलं नाही. बुरुलने आपली मोठी कढई आणली. माझ्याकडे न बघता ती चुलीपाशी गेली. एदिलला विमान मिळालं नाही. मुलाच्या जागी, दाराबाहेर काठीवर वाकून, माझा नवरा मिर्लान मोठ्याने रडत होता, जसं पुरुषांनी रडायचं असतं.

बाबा आत पडद्यामागे होते. आम्ही बायका दाराकडे पाठ करून बसलो होतो. आपा माझ्या उजवीकडे होत्या, पाय लांब करून, कारण गुडघे वाकत नव्हते. आता शोकगीत मुलीने सुरू करायचं असतं. त्यात बापाची थोरवी गायची, त्याचे घोडे, त्याचं घर, त्याच्या दाराशी उतरलेले पाहुणे. अशा गीतांच्या दोन कपाटं भरून वह्या मी ग्रंथालयात लावल्या आहेत. एकही ओळ आठवेना. जी आठवली ती खरी नव्हती.

बुरुल आत येऊन माझ्या डावीकडे बसली. तिने माझ्या खांद्याला खांदा टेकवला.

"त्यांनी मला कळू दिलं नाही गं," ती कुजबुजली. "मी त्यांना तोंडावर मांजर म्हणाले."

मी मान हलवली.

"सुरू कर," आपा म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कोणाला करता येणार नाही."

"मला गाता येत नाही, आपा."

"मग गाऊ नकोस. बोल."

बाकीच्या बायका थांबल्या. बाहेर मिर्लानचा आवाजही थांबला. मी पडद्याकडे वळले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"बाबा, घरी चला."