ऐंशी पानांवरची चिठ्ठी

चारशे बाराव्या पानावर राजपुत्राने आणखी एक उसासा टाकला आणि चिठ्ठीवालीने पुस्तक पलंगावर असं आदळलं, की शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेला नवरा दचकला.

"कोण मेलं?"

"कुणी मरतच नाहीये! तेच तर दुखणं आहे!"

चिठ्ठीवाली हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलेलं. पुस्तकांच्या दुकानात ती कामाला होती, आणि आवडलेल्या पुस्तकाखाली स्वतःच्या हाताने दोन-चार ओळी लिहून चिठ्ठी लावायची. नियमही तिचाच, पूर्ण वाचल्याशिवाय चिठ्ठी नाही. बारा वर्षं तिने तो पाळला होता. लोक मुखपृष्ठ नंतर बघायचे, आधी खालची चिठ्ठी.

आणि नेमका या पुस्तकासाठी मोडला. वर्षभर त्याचा नुसता गाजावाजा चालला होता. प्रकाशकाने आगाऊ पहिली ऐंशी पानं धाडली, आणि ती खरोखरच सुरेख होती. नकाशे काढणारी एक मुलगी. ती कागदावर नदी जिकडे वळवेल तिकडे खरी नदी वळते. सीमेवर शत्रूचं सैन्य, आणि तिच्याकडून खोटा नकाशा काढून घ्यायला आलेला राजपुत्र. मालक म्हणाले, "सोमवारी पुस्तक येतंय, सकाळीच चिठ्ठी लागली पाहिजे. पुढे असं काय वेगळं असणार आहे?" तिलाही ते पटलं. तिने लिहून टाकलं, 'शेवटच्या पानापर्यंत श्वास रोखून वाचलं.'

पुढे काय वेगळं होतं, ते पुस्तक दुकानात लागून महिना झाल्यावर, या रविवारी कळत होतं. एक्क्याऐंशीव्या पानावर त्या पोरीने लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. मग नुसते राजपुत्राचे डोळे. ते करडे आहेत हे एकवीस वेळा सांगितलं होतं. चिठ्ठीवालीने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. या दोघांचे रुसवेफुगवे संपेपर्यंत सैन्य बिचारं सीमेवर ताटकळत उभं. रात्री ती शेवटच्या पानापर्यंत पोचली, तर युद्ध मिटलं ते एका चुंबनाने. नदी कुठे गेली हे लिहिणारीलाही आठवलं नसावं.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? गोष्टच आहे ती," नवरा म्हणाला.

"गोष्ट त्यांची आहे. थाप माझी आहे!" ती ओरडली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्यातली निम्मी स्वतःवरचीच होती.

सोमवारी दुकान उघडताच तिने चिठ्ठी ओढून काढली. मालक धावत आले.

"अहो बाई, टेबलावर ढीग पडलाय पुस्तकांचा! काय करताय?"

"खोटं लिहिलंय मी."

"जाहिरातीत खरं कोण लिहितं?"

"ती जाहिरात नव्हती, माझी चिठ्ठी होती!" तिने चिठ्ठीचे चार तुकडे केले. मालक तणतणत आत गेले. तिला जरा हलकं वाटलं. आपण निस्तरलं, असंही वाटलं.

दुपारी काकू आल्या. काकू गणवेश शिवायच्या, आणि वर्षाला पाच-सहा पुस्तकं न्यायच्या, सगळी चिठ्ठी बघून. हे पुस्तक त्यांनी आल्या दिवशीच नेलं होतं.

"मला काही झेपलं नाही गं हे," काकू ओशाळून म्हणाल्या. "अर्ध्यातच टाकावंसं वाटलं. मग म्हटलं, हिने श्वास रोखून वाचलंय, आपल्यालाच काही कळत नसेल. म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तरी नाही जमलं. वय झालं असेल आता माझं."

सहाशे पानं. दोनदा. दिवसभर मशीनवर वाकून झाल्यावर. चिठ्ठीवालीला त्या लेखिकेला, प्रकाशकाला, मालकाला आणि सर्वांत आधी स्वतःला एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

"काकू, तुमचं काही चुकलेलं नाही. पुस्तकच भिकार आहे. मी ऐंशी पानं वाचून चिठ्ठी लिहिली होती. पुढचं मी काल वाचलं."

काकूंनी चार शब्द सुनावावेत म्हणून ही खाली मान घालून उभी राहिली. काकूंची नजर मात्र कपाटांवरून फिरत होती. फळीफळीवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या.

"आणि बाकीची?" त्यांनी विचारलं.

"बाकीची सगळी वाचलीत, काकू. शपथ! अक्षर न् अक्षर."

"हो का," काकू म्हणाल्या. रंग जाणार नाही म्हणून सांगणाऱ्या कापडवाल्याला म्हणावं, तसं.

मग त्यांनी एका फळीवरचं पुस्तक काढलं. खालच्या चिठ्ठीकडे ढुंकूनही बघितलं नाही. चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, आणि चिठ्ठीवालीकडे पाठ करून त्या स्वतःच वाचायला लागल्या.